नेरळचा ‘ळ’ आणि आठवा बिट

परवा एका सेवा केंद्रात बसलो होतो. कुठल्या ते सांगत नाही, कारण चूक त्या पोराची नव्हती. माझ्या पुढे एक मावशी होत्या, वाडीवरून सकाळच्या पहिल्या गाडीने आलेल्या. सोबत शाळेतली मुलगी. दाखला छापून हातात आला आणि मुलीने तो मोठ्याने वाचला. पत्त्यात ‘कळंब’ऐवजी ‘कलंब’.

मुलगी म्हणाली, "दादा, आमच्या गावाला ळ आहे."

पोरगा म्हणाला, "मशीनला येत नाही गं ळ. इंग्रजी कीबोर्ड आहे ना."

मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांना एवढंच कळलं की कागदात काहीतरी खोट आहे. आता पुढच्या टेबलावर कुणीतरी दोन कागद शेजारी ठेवून म्हणणार, ‘जुळत नाही, दुरुस्त करून आणा.’ म्हणजे अजून एक दिवसाची मजुरी गेली आणि गाडीभाडं वेगळंच.

‘मशीनला येत नाही’ हे वाक्य मी या दोन तालुक्यांत गेली पंचवीस वर्षं ऐकतोय. आपल्याकडे तर ळ शिवाय पानच हलत नाही. नेरळ, कळंब, कशेळे ही कर्जत तालुक्यातली तीन मोठी गावं घ्या, तिन्हींत ळ. म्हणून म्हटलं, एकदा या वाक्याचा इतिहासच तपासू. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात टाइपरायटरपासून करू. स्टँडजवळच्या टायपिंग क्लासमधली खडखड चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना आठवत असेल. त्या मशीनमध्ये कळ आणि अक्षर लोखंडाने एकमेकांना बांधलेलं होतं. कळ दाबली की दांडी उठायची आणि दांडीच्या टोकाला कोरलेलं अक्षर कागदावर आपटायचं. इंग्रजी मशीनला मराठी येत नाही, हे तिथे शंभर टक्के खरं होतं. मराठी हवं तर मशीनच दुसरं घ्यावं लागायचं.

कॉम्प्युटरने ही बेडी तोडली, पण ते आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

कीबोर्डवरच्या ‘के’ या कळीला ए-बी-सी-डी काहीच कळत नाही. ती दाबली की कॉम्प्युटरला फक्त एक नंबर कळतो. साध्या पीसीत तो नंबर आहे ३७. त्या ३७ चा अर्थ इंग्रजी ‘के’ लावायचा की मराठी ‘क’, हे आतलं सॉफ्टवेअर ठरवतं. कळीवर छापलेलं अक्षर म्हणजे दुकानाची पाटी. आत कुठला माल ठेवायचा ते मालकाच्या हातात.

कॉम्प्युटरच्या मुख्य प्रणालीला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात आणि तिच्या गाभ्याला कर्नल. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर यांच्याशी बोलणारे जे छोटे प्रोग्रॅम त्या गाभ्यात असतात, ते ड्रायव्हर. आपल्या भाषेत सांगायचं तर कर्जतला मागून बँकर इंजिन लागल्याशिवाय बहुतेक गाड्या घाट चढत नाहीत. प्रवाशाला बँकर दिसत नाही, पण तो नीट लागला नाही तर गाडी जागची हलत नाही. ड्रायव्हरचं तसंच. आणि आपली मराठी सगळ्यात आधी अडकली ती इथेच.

१९८० च्या दशकात मोठ्या कार्यालयांत एकच मुख्य कॉम्प्युटर असायचा, बहुधा युनिक्स प्रणालीवरचा. त्याला तारेने अनेक टर्मिनल जोडलेली, म्हणजे एक पडदा आणि एक कीबोर्ड. ही तार ‘सिरियल’. एकापाठोपाठ एक बिट जाणार, एका पदरी रस्त्यावरच्या गाड्यांसारखे. बिट म्हणजे शून्य किंवा एक. आठ बिटांचा एक डबा, त्याला बाइट म्हणायचं.

आता गंमत बघा. अमेरिकेत १९६३ साली अक्षरांना नंबर देण्याचं मानक ठरलं, त्याचं नाव ‘आस्की’. त्यात जागा फक्त १२८. इंग्रजीची लहान-मोठी अक्षरं, आकडे, चिन्हं सगळं त्यात बसतं आणि त्याला सात बिट पुरतात. आठवा बिट उरला. तारेवर काही चूक झाली का हे तपासायला तो वापरायची पद्धत पडली. त्यामुळे अनेक युनिक्स यंत्रांवर टर्मिनलचा ड्रायव्हर आलेल्या प्रत्येक डब्यातला आठवा बिट सरळ कापून टाकायचा. इंग्रजीचं त्यात काहीच बिघडत नव्हतं.

त्याच काळात आयआयटी कानपूरमध्ये प्राध्यापक आर. एम. के. सिन्हा यांच्या गटाने कॉम्प्युटरवर देवनागरी आणण्याचं काम चालवलं होतं. त्यातून ‘जिस्ट’ तंत्रज्ञान उभं राहिलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. ‘परम’ महासंगणक आणि डॉ. विजय भटकर म्हटलं की लोकांना आठवते तीच संस्था. मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली जिस्टचं पुढचं काम पुण्यात झालं. पीसीत बसवायचं जिस्ट कार्ड आलं आणि युनिक्सला सिरियल तारेने जोडायचं जिस्ट टर्मिनलही आलं.

भारतीय लिप्यांसाठी अक्षरांच्या नंबरांचं मानकही ठरलं, ‘इस्की’. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ते आय.एस. १३१९४ या क्रमांकाने काढलं. युक्ती साधी होती. खालच्या १२८ जागांवर इंग्रजी आहे तसं राहू द्यायचं आणि वरच्या १२८ जागांत आपली अक्षरं बसवायची. वरच्या जागा म्हणजे कुठल्या? ज्यांचा आठवा बिट ‘एक’ आहे त्या. म्हणजे इंग्रजीने जो बिट फालतू म्हणून टाकला होता, आपली अख्खी बाराखडी त्याच बिटावर उभी होती!

आता कल्पना करा. नवं जिस्ट टर्मिनल जोडलं आणि ड्रायव्हरचं सेटिंग जुनंच राहिलं. तुम्ही टाइप केलं ‘कर्जत’. इस्कीत ते पाच डबे होतात : क, र, हलन्त, ज, त. ड्रायव्हरने प्रत्येकाचा आठवा बिट कापला. मी कोष्टक घेऊन हिशोब करून बघितला. क चा होतो तीनचा आकडा, र चा इंग्रजी मोठा ओ, हलन्ताचा छोटा एच, ज चे दोन टिंब म्हणजे कोलन आणि त चा मोठा बी. ‘तीन-ओ-एच-कोलन-बी’. हे झालं आपलं कर्जत! नेरळच्या ळ चा होतो मोठा आर.

आणि हे नुसतं पडद्यावर दिसतं असं नाही, फाइलमध्येही तसंच साठतं. नंतर परत मिळवायची सोय नाही, कारण तो तीन मुळात तीनच होता की क होता, हे सांगणारा बिटच गेलेला.

उपाय? दोन सेटिंग. एक, डबा आठ बिटांचा आहे असं ड्रायव्हरला सांगायचं. दुसरं, आठवा बिट कापू नको असं सांगायचं. माहीत असलेल्या माणसाला एका ओळीचं काम. माहीत नसेल तर ‘मशीनला मराठी येत नाही’.

आता माझी गोष्ट. पत्रकारितेचा डिप्लोमा करून आलो तेव्हा बातम्या टाइप करायला एका डीटीपीवाल्या मित्राकडे बसायचो. त्याचा माऊस सिरियलच होता, मागे नऊ भोकांचं चपटं कनेक्टर आणि दोन स्क्रू. हा माऊस सेकंदाला चाळीसएक वेळा आपली खबर पाठवायचा, प्रत्येक खबर तीन डब्यांची. तो सात बिटांतच बोलायचा, त्याला आठव्याची गरजच नव्हती. बातमी पाठवायला मोडेम लावला की माऊस गोठायचा. आम्ही माऊस उघडून गोळी धुवायचो, फुंकर मारायचो, दोन माऊस तर बदलले. पुढे एका जाणकाराने सांगितलं की माऊस ‘कॉम एक’वर आणि मोडेम ‘कॉम तीन’वर आहे आणि दोघांना कॉम्प्युटरला हाक मारायची घंटा एकच, चार नंबरची. दोघे एकदम घंटा वाजवायला गेले की गोंधळ. मोडेम ‘कॉम दोन’वर टाकला, त्याची घंटा तीन नंबरची, आणि विषय संपला. महिनाभर आम्ही माऊसला शिव्या घातल्या आणि माऊस निर्दोष!

तेव्हा डोक्यात बसलं ते अजून आहे. यंत्र अडलं की आपण समोर दिसणाऱ्या वस्तूला दोष देतो. खरी गाठ मधे कुठेतरी असते, कुणीतरी लावून ठेवलेल्या आणि नंतर कुणीच न बघितलेल्या सेटिंगमध्ये.

त्या डीटीपीच्या जमान्यात मराठीने आणखी एक आडवाट धरली. श्री-लिपी, आकृती अशा पॅकेजांनी छपाईचं मोठं काम केलं, आपली लग्नपत्रिका आणि आपलं वर्तमानपत्र त्यांच्यामुळे सुबक झालं. पण त्या काळच्या फॉन्टची पद्धत अशी की फाइलमध्ये नंबर इंग्रजी अक्षरांचे आणि त्यांवर चित्र देवनागरीचं. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की कचरा दिसायचा. म्हणजे आठवा बिट कापल्यावर जे व्हायचं, त्याचाच दुसरा अवतार.

खरा तोडगा १९९१ मध्येच जन्माला आला होता, युनिकोड. त्यातला देवनागरीचा विभाग आपल्या इस्कीवरूनच घेतलेला आहे. प्रत्येक अक्षराला जगभर एकच नंबर, आणि ळ ला पहिल्यापासून स्वतःचा. विंडोज २००० पासून देवनागरी त्या प्रणालीत आली.

त्याच १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचं कर्नल लिहिलं. सुरुवातीच्या त्या कर्नलमध्ये कीबोर्डच्या ड्रायव्हरच्या फाइलमध्येच फिनिश कळफलकाचा नकाशा लिहिलेला होता. का? कारण लिहिणाऱ्याच्या टेबलावर तोच कीबोर्ड होता. त्याने परवानगी मागितली नाही की इंग्रजीवाल्यांची वाट पाहिली नाही. पुढे कुठलाही नकाशा बाहेरून भरता येईल अशी सोय झाली.

पण आपलं घोडं तिथेही एकदा अडलं. युनिकोड साठवण्याच्या सर्वात रुळलेल्या पद्धतीत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये, देवनागरीच्या एका अक्षराला तीन डबे लागतात. टर्मिनलच्या ड्रायव्हरला वाटायचं की एक डबा म्हणजे एक अक्षर. तुम्ही बॅकस्पेस दाबला की तो एकच डबा पुसायचा, दोन मागे राहायचे. क चा एक तृतीयांश पुसला गेला म्हणा ना! २००४ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये यासाठी वेगळी खूण आली. ती लावली की ड्रायव्हर अख्खं अक्षर ओळखून पुसतो. परत तेच. एक खूण, एक सेटिंग.

आता मावशींच्या दाखल्याकडे येऊ. २०२० नंतरचा कॉम्प्युटर, यूएसबी कीबोर्ड, आत युनिकोड. आठवा बिट कुणी कापत नाही. मग ळ कुठे गेला? तो पोरगा रोमनमध्ये टाइप करत होता. रोमनमध्ये ल ला एल आणि ळ लाही एलच. बऱ्याच साधनांत मोठा एल दिला की ळ येतो, पण रांग दाराबाहेर गेलेली असताना कोण देतं? पहिली सुचवलेली ओळ आली, एंटर मारलं, कळंबचं कलंब झालं. ड्रायव्हर सुधारला, कर्नल सुधारलं. ळ कापायचं काम आता आपण हाताने करतो.

पर्याय त्याच मशीनमध्ये झोपलेला असतो. त्याचं नाव इन्स्क्रिप्ट, १९८६ पासूनचा सरकारी कळफलक. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की तो येतो, फुकट. ‘कर्जत’ लिहायला पाच कळा : के, जे, डी, पी, एल. ळ लिहायला शिफ्ट धरून एन. बस्स! स्पेलिंगचा अंदाज नाही की सुचवण्यांची यादी नाही.

आपल्या राज्यात राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण फटाके वाजवले, मीही फोटो टाकला. पण अभिजात भाषेतलं एक अक्षर दाखल्यावर उमटत नसेल, तर मावशींना त्या दर्जाचा उपयोग काय?

म्हणून कर्जत आणि खालापूर दोन्ही तहसीलच्या साहेबांना जाहीर विनंती. प्रत्येक सेवा केंद्रातल्या मशीनवर मराठी कळफलक चालू आहे का, एकदा बघून घ्या. तिथल्या पोरांना आठ दिवस सराव द्या, ती हुशार आहेत, त्यांना कुणी दाखवलेलंच नाही. आणि छापण्याआधी मसुदा अर्जदाराला वाचून दाखवायची सक्ती करा. खर्च शून्य.

त्या दिवशी काय झालं ते सांगतो. मी काउंटरच्या पलीकडे गेलो, पोराच्या परवानगीने मराठी कळफलक जोडला आणि त्याला शिफ्ट आणि एन दाखवलं. त्याने दाबलं, पडद्यावर ळ आला. तो हसला आणि म्हणाला, "च्यायला, इथंच होता होय?"

इथंच होता. तुमच्या घरातल्या कागदांत असा हरवलेला ळ असेल तर गावाचं नाव खाली लिहा. यादी करून तहसीलला नेऊन देतो.