बिबवेवाडीतील विमेदाराचा हक्क

बिबवेवाडीच्या कामगार राज्य विमा रुग्णालयाच्या दारी येणाऱ्या कामगाराजवळ ओळखपत्र असते. पण रोख लाभाचा हक्क तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. १९४४ च्या आडारकर-अहवालातून १९४८ चा कायदा निघाला, व २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली. ‘अंशदानकाल’ व ‘लाभकाल’ या दोन शब्दांत सारा घोटाळा आहे. एप्रिल ते सप्टेंबरपर्यंत किमान ७८ दिवसांचे अंशदान भरले गेले असेल, तर आजारपणाचा भत्ता पुढील जानेवारी ते जून या अवधीत मिळे. सबब मार्चमध्ये अंथरुणास खिळलेल्याचा हक्क गतवर्षीच्या हजेरीपटात शोधावा लागे; चालू पगारपत्रक तेथे निरुपयोगी! २०१७ पासूनची २१,००० रुपयांची वेतनमर्यादा मध्येच ओलांडली गेली, तरी त्या अंशदानकालाच्या अखेरपर्यंत विमा टिके.