हरवलेलं टपाल : जबाबदारी कोणाची?

पार्सल वेळेवर आलं नाही की आपण पावती घेऊन खिडकीशी उभे राहतो. ‘तक्रार लिहून द्या’, एवढंच उत्तर मिळतं. आपल्याला वाटतं, आपण पैसे भरले, त्यांनी वस्तू घेतली, मग हरवली तर भरून कोणी द्यायची? हा प्रश्न तीनशे वर्षं जुना आहे, बरं का.

१७०१ साली लंडनमध्ये ‘लेन विरुद्ध कॉटन’ या खटल्याचा निकाल लागला. टपाल कचेरीत दिलेल्या पत्रातले सरकारी रोखे चोरीला गेले होते. मुख्य न्यायमूर्ती होल्ट यांचं मत, पोस्टमास्टर जनरलने नुकसान भरून द्यावं. बाकीचे तीन न्यायाधीश विरुद्ध गेले. होल्ट एकटे पडले. पुढे १७७८ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीही टपालखात्याच्याच बाजूने निकाल दिला.

हाच विचार आपल्याकडे १८९८ च्या टपाल कायद्यात कलम ६ म्हणून आला. वस्तू हरवो, उशिरा पोचो, भलत्याच्या हाती पडो, सरकारने स्पष्ट शब्दांत पत्करली असेल तेवढीच सरकारची जबाबदारी. कर्मचारी अडकणार तो लबाडी केली किंवा मुद्दाम केलं तरच.

मग लोकांनी काय करावं? एकोणिसाव्या शतकात लोक नोटेचे दोन तुकडे करीत. एक तुकडा आधी पाठवायचा, पोच आली की दुसरा. एकटा तुकडा चोराच्या काय कामाचा!

टपालखात्यानेही वाटा काढल्या. रजिस्ट्रीत वस्तू हातोहात सहीनिशी जाई, म्हणजे ती कुठे अडकली ते शोधता येई. विमा आला. १८७७ मध्ये व्ही.पी. आली, वस्तू हाती पडल्यावर पैसे द्यायचे. १८८० पासून पोस्टाची मनीऑर्डर. मुंबईच्या गिरणीतल्या कामगाराने कोकणात घरी पाठवलेले पैसे पाकिटातून जाईनात, नुसता फॉर्म जाई.

पण यातलं मर्म बघा. साध्या तिकिटात जबाबदारी येत नाही, ती जादा पैसे मोजून वेगळी घ्यावी लागते. ज्याला ते परवडत नाही, त्याचं पत्र निव्वळ भरवशावर जातं. २०२३ चा नवा कायदा २०२४ मध्ये लागू झाला, त्यातही हे तत्त्व कायमच आहे.

होल्ट हरले खरे, पण खिडकीशी उभा असलेला माणूस आजही त्यांचाच प्रश्न विचारतो आहे.