संशोधन कोणाच्या मालकीचे?

शास्त्रीय संशोधनातील लबाडी म्हटली की खोटे आकडे रचणारा किंवा दुसऱ्याचा निबंध स्वतःच्या नावावर खपविणारा विद्वान डोळ्यांपुढे येतो. असे लोक असतात आणि कधी ना कधी पकडलेही जातात. आम्हांस अधिक भय वाटते ते दुसऱ्या प्रकाराचे. त्यात आकडा खरा असतो, पण तो कपाटात राहतो. अ‍ॅस्बेस्टॉसचा इतिहास या प्रकारचा आहे.

अ‍ॅस्बेस्टॉस हा न जळणारा खनिज तंतू. म्हणून तो बॉयलरांवर, आगबोटींत, मोटारींच्या ब्रेकांत आणि छपरांच्या पत्र्यांत गेला. त्याची धूळ मात्र फुफ्फुसात रुतून बसते. मेरिवेदर आणि प्राइस या ब्रिटिश सरकारी अधिकाऱ्यांनी १९३० साली अहवाल दिला की, तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी ९५ जणांना या धुळीने फुफ्फुसाचा रोग जडला आहे. पुढच्याच वर्षी तिकडे नियम झाले.

अमेरिकेत वेगळेच घडले. धंद्याच्या एका मासिकाच्या संपादकाने या रोगावर लिहू का, असे कारखानदारांना विचारले. (संपादकाने परवानगी मागावी!) त्यावर १९३५ साली रेबेस्टॉस-मॅनहॅटनचे अध्यक्ष समनर सिम्सन यांनी जॉन्स-मॅनव्हिल कंपनीच्या वकिलास कळविले की, अ‍ॅस्बेस्टॉसविषयी जितके कमी बोलले जाईल तितके बरे. पुढल्या वर्षी कंपन्यांनी सारानॅक प्रयोगशाळेच्या डॉ. लिरॉय गार्डनर यांस संशोधनासाठी पैसे दिले. अट अशी की, निष्कर्ष पैसे देणाऱ्यांच्या मालकीचे. ते छापावेत की नाही, किती व कसे, हे तेच ठरविणार. मागावर राबणाऱ्याचे कापड त्याचे नसते हे आम्ही जन्मभर पाहिले. येथे तोच न्याय ज्ञानासही लागला.

१९४३ साली गार्डनरांस दिसले की, या धुळीत ठेवलेल्या ११ उंदरांपैकी बहुतेकांच्या फुफ्फुसांत गाठी झाल्या आहेत. हा पुरावा पुरेसा नाही, प्रयोग पुन्हा नीट झाला पाहिजे, असे त्यांचे स्वतःचेच मत होते. १९४६ साली ते वारले. १९५१ साली त्या कामाचा अहवाल छापला गेला, तेव्हा कर्करोगाचा उल्लेख त्यातून गेलेला होता. ज्यांनी तो गाळू दिला त्यांना आम्ही राक्षस म्हणणार नाही. प्रयोगशाळेस पुढच्या वर्षीही पैसे लागतात. अशा अपराधांचे मूळ बहुधा इतकेच सामान्य असते.

गाठ अखेर सुटली ती एका युनियनच्या दप्तराने. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी येथील नळांवर व बॉयलरांवर अ‍ॅस्बेस्टॉसचे वेष्टण चढविणाऱ्या कामगारांच्या संघटनांनी आपल्या सभासदांच्या नोंदी डॉ. अर्विंग सेलिकॉफ यांच्या हाती दिल्या. कोण केव्हा सभासद झाला, कोण केव्हा गेला, एवढीच ती कारकुनी. आमच्यातले किती चिटणीस या वह्यांना कंटाळतात हे आम्हांस ठाऊक आहे! १९४२ अखेरच्या यादीतील ६३२ जणांचा पुढचा वीस वर्षांचा हिशेब मांडला गेला. फुफ्फुस आणि त्याचे आवरण यांच्या कर्करोगाने ४५ जण मेले होते. सर्वसाधारण मानाने सहा-सात मरावयाचे. हा निबंध १९६४ साली प्रसिद्ध झाला.

गार्डनरांच्या उंदरांपासून मधे एकवीस वर्षे गेली. हा रोग वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांनी वर येतो, म्हणून महायुद्धात गोदीत धूळ गिळलेली माणसे सत्तर-ऐंशी सालापर्यंत मरत राहिली. सिम्सन यांची पत्रे सत्तरीच्या दशकात कोर्टात आली, आणि १९८२ साली दाव्यांच्या ओझ्याखाली जॉन्स-मॅनव्हिलने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आपल्याकडे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षे, किंवा ती सुटल्यावर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपली पाहिजे. ती जपावयाची आहे कारखानदाराने.