चौथ्या गटातल्या बाया

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासावर बोला, असा निरोप आला तेव्हा मी नळदुर्गच्या किल्ल्यावर, तेरच्या गोरोबाकाकांवर किंवा निजामी राजवटीवर बोलेन, असे बहुतेकांना वाटले असणार. मी पडलो कवी, शिक्षण बी.ए.पर्यंतचे. माझ्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार? पण आज मी एक वेगळाच इतिहास सांगणार आहे. तो फार जुना नाही. ज्यांच्या बाबतीत तो घडला, त्यातल्या बऱ्याच बाया आज साठी-सत्तरीच्या आहेत आणि आपल्याच गल्लीत, आपल्याच शिवारात राहतात. जगभरातल्या डॉक्टरांना तो माहीत आहे. आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल, याची मला शंका आहे.

सुरुवात माझ्या घरापासून करतो. माझी एक खाला होती. कळंबला आमच्या घराजवळच राहायची. तिच्या अंगावरून जायचे. हे शब्द बायका एकमेकींच्या कानात बोलतात, पुरुषांसमोर नाही. तिने दोन वर्षे कुणालाच काही सांगितले नाही. १९९१ साली आम्ही तिला येरमाळ्यामार्गे एस.टी.ने बार्शीला नेले, तेव्हा आजार फार पुढे गेला होता. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. परतताना मी तिला विचारले, "खाला, आधी का नाही सांगितलं?" ती आमच्या दख्खनीत म्हणाली, "शरम की बात, बेटा. किसकू बोलूं?" पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती राहिली नाही.

अशी खाला, मावशी, आत्या त्या काळात किती तरी घरांत होती. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने १९८७ मध्ये बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांत कॅन्सरच्या रुग्णांची नोंदणी सुरू केली. ही देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. खेड्यातला माणूस आपण होऊन दवाखान्यात येत नाही, म्हणून तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरून चौकशी करत. त्यातून दिसले ते असे, की इकडच्या बायांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर सर्वांत जास्त आहे.

या रोगाचे एक वैशिष्ट्य आहे. तो एका विषाणूमुळे होतो. त्याचे नाव ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, थोडक्यात एचपीव्ही. हे शोधून काढणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड झुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक बायांच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काही जणींच्या शरीरात मात्र तो ठाण मांडतो आणि त्यातून कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षे, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. म्हणजे रोग आधीच पकडायला भरपूर अवधी असतो. प्रश्न एवढाच होता, की खेड्यातल्या बाईची आयुष्यात एकदाच तपासणी होणार असेल, तर ती कोणत्या पद्धतीने करावी?

याचे उत्तर अंदाजाने देता येत नाही. त्यासाठी तुलना करावी लागते. १७४७ मध्ये जेम्स लिंड या आरमारी डॉक्टराने जहाजावरच्या बारा आजारी खलाशांच्या दोन-दोनच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबे मिळालेले दोघे लवकर बरे झाले. आपल्या मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे स्वतःहून पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली आणि लस घेतलेले व न घेतलेले यांची तुलना झाली. लस घेतलेल्यांमध्ये रोग कमी दिसला. पण तुरुंगातला माणूस 'स्वतःहून' पुढे येतो म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्या वेळी फारसा कुणी विचारला नाही.

पुढे १९४८ मध्ये इंग्लंडात क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध कुणाला द्यायचे, हे डॉक्टराच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले होते. औषधाचा साठाच थोडा होता. सर्वांना पुरणार नव्हता, म्हणून काहींना न देण्यात अन्याय नाही, असे तेव्हा मानले गेले. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. तेव्हा त्याचे नाव उस्मानाबाद होते. धाराशिव हे नाव २०२३ मध्ये झाले. ऑक्टोबर १९९९ मध्ये इथे एक फार मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधल्या लियाँ येथील कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो हाती घेतला. पैसा बिल आणि मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा होता. लियाँच्या संस्थेचे डॉ. रेंगास्वामी शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. भगवान नेने, टाटाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री, नोंदणीचे काम उभे करणाऱ्या कस्तुरी जयंत ही त्यातली प्रमुख नावे.

गावांचे ५२ समूह केले गेले आणि चिठ्ठीच्या न्यायाने त्यांची चार गटांत वाटणी झाली, प्रत्येक गटात तेरा समूह. एकूण बाया १,३१,७४६. वय तीस ते एकोणसाठ. पहिल्या गटात एचपीव्ही विषाणूची तपासणी. दुसऱ्यात पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पॅप तपासणी. तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सिरक्यातले सौम्य आम्ल लावून पांढरा डाग उमटतो का, ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. तपासणी एकदाच. दोष सापडला तर पुढची तपासणी आणि उपचार.

आणि चौथा गट? त्यात ३१,४८८ बाया होत्या. त्यांना या रोगाची माहिती दिली गेली, लक्षणे सांगितली गेली. तपासणी मात्र अभ्यासाकडून केली गेली नाही. जिल्ह्यात एरवी जे मिळत होते तेच त्यांना मिळणार होते आणि एरवी जवळजवळ काहीच मिळत नव्हते. त्यांच्याशी बाकीच्या तीन गटांची तुलना होणार होती.

आठ वर्षे हिशेब ठेवला गेला. २ एप्रिल २००९ रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या जगप्रसिद्ध नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. विषाणू-तपासणीच्या गटात पुढच्या टप्प्यावर गेलेले कॅन्सर ३९ होते, चौथ्या गटात ८२. विषाणू-तपासणीच्या गटात या रोगाने ३४ बाया गेल्या, चौथ्या गटात ६४. दोन्ही गट जवळपास सारख्या संख्येचे. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप आणि सिरक्याच्या तपासणीने मात्र मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सगळ्या जगाला हवे असलेले उत्तर आपल्या दुष्काळी जिल्ह्यातल्या बायांनी दिले.

मी जेव्हा हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा अभिमानाने छाती फुगली. मग नजर पुन्हा चौसष्टवर गेली आणि तिथेच अडकली.

माझ्या एकट्याचीच अडकली असे नाही. एरिक सुबा या अमेरिकन डॉक्टराने २०१४ मध्ये भारतातल्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात लेख लिहिला. उस्मानाबाद, मुंबई आणि तमिळनाडू येथील अशा तीन अभ्यासांत मिळून १,३८,६२४ बायांना तपासणीविना ठेवले गेले आणि त्यांतल्या किमान २५४ जणी या रोगाने गेल्या, असा त्यांचा हिशेब होता. त्यांचे म्हणणे, पॅप तपासणी जगाला कित्येक दशके माहीत होती. मग मरणाची मोजणी कशासाठी? मुंबईच्या अभ्यासाला अमेरिकन सरकारचा पैसा होता, म्हणून ती तक्रार तिथल्या सरकारी कार्यालयाकडे गेली. बायांची संमती घेताना त्यांना पुरेशी माहिती दिली नव्हती, असे त्या कार्यालयाने म्हटले.

संशोधकांची बाजूही ऐकली पाहिजे. भारतातल्या खेड्यांत तपासणीची सोय नव्हतीच, त्यामुळे कुणाच्या ताटातले काढून घेतले नाही, असे ते म्हणतात. आणि त्यांच्या अभ्यासातून निघालेही तसेच. सगळ्यांना माहीत असलेली पॅप तपासणी आपल्याकडे एकदाच करून फारशी कामाला आली नाही. चौथा गट नसता तर हे कळले नसते. सिरक्याची तपासणी इथे एकदाच केली तेव्हा अपयशी ठरली. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दर दोन वर्षांनी केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. अशा गोष्टी तुलनेशिवाय कळत नाहीत.

स्ट्रेप्टोमायसिनच्या वेळी औषधाचा साठा थोडा होता. आपल्याकडे साठा थोडा का होता? चिठ्ठी टाकण्याआधीच आपल्या बायांच्या वाट्याला काही आलेले नव्हते. ही उणीव संशोधकांनी निर्माण केली नव्हती. पण अभ्यास उभा राहिला तो तिच्याच आधारावर. चौसष्ट जणींपैकी सगळ्याच तपासणीने वाचल्या असत्या असे नाही. काही जणी नक्की वाचल्या असत्या. कोणत्या, ते कुणालाच सांगता येणार नाही.

यानंतर देशात नियम कडक झाले. जुलै २००७ मध्ये चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आणि जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तिथे सक्तीची झाली. २०१३ मध्ये भरपाईचे नियम आले, २०१९ मध्ये नवी नियमावली. संमती म्हणजे कागदावरचा अंगठा नव्हे, समजून दिलेला होकार, हे आता कायद्याच्या भाषेत लिहिलेले आहे. पण माझ्या खालाला जो शब्द तोंडातून काढता आला नाही, त्या विषयावरचा होकार किंवा नकार ती कशी देणार होती? समजून सांगायला भाषा लागते. ती घडवणे हे कायद्याचे काम नाही, तुमचे-माझे आहे.

आपल्या बायांनी दिलेले उत्तर जगाने वापरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिशीनंतर विषाणूचीच तपासणी करावी, अशी शिफारस केली. पुढे लसीच्या बाबतीतही बार्शीचे नाव आले. २००९ मध्ये देशात अनेक ठिकाणी मुलींना एचपीव्ही लस देऊन अभ्यास सुरू झाला, त्यात बार्शी होती. २०१० मध्ये दुसऱ्या एका प्रकल्पावरून वाद झाला, सरकारने लसीकरण थांबवले आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. दहा वर्षांनी दिसले, की एक मात्राही जवळपास तेवढेच संरक्षण देते. आज जगातल्या अनेक देशांत मुलींना एकच मात्रा देतात.

आणि आपण? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय बायांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या बाया शंभरात दोनसुद्धा नव्हत्या. उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणी कोणत्या गटात आहेत, सांगा. त्यांच्यासाठी कुणी चिठ्ठी टाकलेली नाही, कुठला अभ्यास चाललेला नाही, हिशेब ठेवणाराही कुणी नाही. संशोधकांना जाब विचारताना हा आकडाही समोर ठेवावा लागेल.

त्या चौसष्ट जणींची नावे मला माहीत नाहीत. नावे गुप्त राहावीत हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. त्यांच्यासाठी कुठे दगड उभारा, असे मी म्हणत नाही. माझे मागणे एवढेच, की जिल्ह्यातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईला ही तपासणी तिच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, पदर न खोलता मिळावी. उत्तर जिथून गेले तिथेच ते परत यायला नको का?

श्रोतेहो, 'गर्भाशयाचे मुख' हे शब्द मी आज रेडिओवरून चार-सहा वेळा उच्चारले. एखाद्या घरात सासरे खाटेवर बसले असतील, सून चुलीपाशी असेल आणि कुणीतरी आवाज कमी करायला हात पुढे केला असेल. तो हात थांबला असेल, तर त्या सुनेला एक गोष्ट विचारतो. बाई, तुमचे वय तीसच्या पुढे आहे का? मग उद्या-परवा सवड काढून दवाखान्यात जा. सोबत सासूबाईंनाही न्या.