रिकाम्या जागेचा प्रश्न : नगर शहर आणि त्याच्या निवडणुका

एखाद्या शहराच्या पदरांत स्थानिक स्वराज्य खरोखर किती पडलें आहे हें ज्यास पाहावयाचें असेल, त्यानें तेथील सार्वत्रिक निवडणुकीचा गाजावाजा पाहूं नये. मुदत संपण्यापूर्वीं मध्येंच एखाद्या सभासदाची जागा रिकामी झाली, तर ती कोण भरतो, केव्हां भरतो आणि कोणास विचारून भरतो, हें त्यानें पाहावें. सार्वत्रिक निवडणूक हा उत्सव आहे, व उत्सवाच्या दिवशीं सगळेच भाविक दिसतात. पोटनिवडणूक ही रोजची पूजा होय. ती चुकली तर शेजाऱ्यासहि कळत नाहीं. २०२४ सालापासून ज्यास अहिल्यानगर हें नांव मिळालें आहे त्या अहमदनगर शहरास ही कसोटी लावून पाहिली, म्हणजे पावणेदोनशें वर्षांच्या इतिहासांतील कांहीं मौजेच्या आणि कांहीं खेदाच्या गोष्टी हातीं लागतात.

नगरची नगरपालिका १ नोव्हेंबर १८५४ रोजीं अस्तित्वांत आली. तिचा आधार १८५० चा सव्विसावा कायदा. शहरांतील रहिवाशांची इच्छा आहे अशी सरकारची खात्री झाली, म्हणजे मॅजिस्ट्रेट व सरकारास योग्य वाटतील असे कांहीं रहिवासी मिळून कमिशनर नेमावे, आणि त्यांनीं रस्ते, गटारें व दिवे यांची व्यवस्था पाहून त्यासाठीं कर बसवावा, अशी त्या कायद्याची रचना होती. रहिवाशांची इच्छा एकदांच विचारावयाची, ती कर देण्यापुरती. पुढें त्यांस पुन्हां विचारण्याचें कारण नव्हतें. एखादा कमिशनर वारला किंवा गांव सोडून गेला, तर सरकार दुसरा नेमी. रिकाम्या जागेचा प्रश्न इतका सोपा पुढें कधींच राहिला नाहीं.

आतां योगायोग असा कीं, विलायतेंत १८३५ च्या म्युनिसिपल कॉर्पोरेशन कायद्यानें १७८ शहरांस जी लोकनियुक्त मंडळें दिलीं, त्यांच्या वार्षिक निवडणुकीचा दिवसहि १ नोव्हेंबर हाच होता. तेथें सभासद तीन वर्षांसाठीं निवडीत व दरवर्षीं एकतृतीयांश सभासद निवृत्त होत. म्हणजे करदात्यास आपल्या कारभाऱ्यांचा हिशेब दर नोव्हेंबरांत घेतां येई. ज्या मँचेस्टरच्या कापडानें आमच्या विणकरांच्या पोटावर पाय आणला, तें शहर त्या १७८ मध्यें नव्हतें. त्यास १८३८ सालीं निराळी सनद मिळवावी लागली. सारांश, ज्या वर्षीं नगरांत सरकारनियुक्त कमिशनर पहिल्या बैठकीस बसले, त्या वर्षीं मँचेस्टरचा करदाता निवडणुकीस सरावूनहि गेला होता. एकाच राज्यकर्त्यांच्या हाताखालीं एकाच तारखेस हे दोन अर्थ चालत होते.

नगरास नगररचना कोणी शिकवावी असेंहि नव्हतें. १४९० सालीं मलिक अहमदानें वसविलेल्या ह्या शहरांत कापुरवाडी, वडगांव इत्यादि ठिकाणांहून खापरी नळांनीं पाणी आणण्याची निजामशाहींतील व्यवस्था पुढें शतकानुशतकें उपयोगीं पडली. परंतु बादशहानें आणलेल्या पाण्यास नागरिकाचा हात लागलेला नसतो, आणि कमिटीनें बसविलेल्या कराविरुद्ध मात्र त्याचा हात वर होतो. कर द्यावयाचा पण बोलावयाचें नाहीं, ही स्थिति फार काळ टिकत नाहीं.

१८७३ च्या कायद्यानें मोठ्या शहरांत निवडणुकीची वाट किलकिली झाली. रिपनसाहेबांचा प्रसिद्ध ठराव १८ मे १८८२ चा. इतिहासाच्या वर्गांत हा ठराव आला कीं विद्यार्थ्यांचे डोळे मिटूं लागतात, परंतु त्यांतील एक मुद्दा आजहि डोळे उघडणारा आहे. ह्या संस्थांमुळें कारभार प्रथमपासूनच अधिक चोख होईल असें रिपननें म्हटलें नाहीं; लोकांस राजकीय शिक्षण मिळावें हा त्याचा मुख्य हेतु होता. त्याला अनुसरून १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यानें निदान निम्मे सभासद लोकनियुक्त केले. अर्थात् ‘लोक’ ह्या शब्दाची व्याख्या घरपट्टीच्या पावतीवरून होत असे.

नियुक्त सभासद म्हणजे होयबाच, असें मात्र समजूं नये. जोतीराव फुले १८७६ पासून पुणें नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० सालीं लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठीं हजार रुपये खर्चण्याचा विषय निघाला, तेव्हां बत्तीस सभासदांत एकट्या फुल्यांनीं विरुद्ध मत दिलें. तो पैसा गरिबांच्या शिक्षणास लावावा असें त्यांचें म्हणणें होतें. पण फुल्यांसारखा माणूस सरकारच्या यादींत येणें हा भाग्याचा भाग आहे, आणि राज्यव्यवस्था भाग्यावर बांधतां येत नाहीं.

लोकल बोर्डांच्या मताची किंमत १८९५ सालीं सर्वांस कळली. त्या वर्षीं मध्य भागांतील लोकल बोर्डांनीं टिळकांस मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून दिलें. नगर जिल्हा ह्याच भागांतला. रस्त्यावरच्या खडीचा विचार करण्यासाठीं निवडलेल्या मंडळींकडे इलाख्याच्या राजकारणाची किल्ली आली.

रिकाम्या जागेच्या प्रश्नाचें सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र मुंबईचें आहे. १९०७ सालीं सर फिरोजशहा मेहता यांस कॉर्पोरेशनांतून घालविण्याचा चंग कांहीं युरोपियन अधिकाऱ्यांनीं बांधला. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हॅट फ्रेझर हेहि त्या कंपूंत होते. जस्टिसेस ऑफ द पीस या वर्गास सोळा जागा निवडावयाच्या होत्या. मोजणी झाली तेव्हां ज्या मेहतांनीं ती संस्था जवळ जवळ घडविली, त्यांचा क्रमांक सतरावा आला! पुढें निवडून आलेल्या सोळांपैकीं एकाची निवड न्यायालयानें रद्द केली, व नियमाप्रमाणें यादींतील पुढचे म्हणून मेहता आंत गेले. मेहतांच्या चाहत्यांनीं आनंद मानला तें ठीकच झालें. आम्हांसहि परिणाम आवडतो, पण रीत आवडत नाहीं. जागा रिकामी झाली असतां मतदारास पुन्हां विचारावें, कीं जुन्याच मोजणींतला पुढचा मनुष्य ओढून घ्यावा? दुसरा मार्ग स्वस्त आहे व झटपट आहे. फक्त त्यांत मतदाराची गरज उरत नाहीं.

१९०१ व १९२५ च्या कायद्यांनीं मताधिकार थोडाथोडा रुंद केला. त्या तपशिलांत शिरण्याचें कारण नाहीं. मुंबई शहरांत प्रौढ मतदानावर पहिली निवडणूक १९४८ सालीं झाली आणि घरपट्टीची पावती मतपेटीपासून दूर झाली. १९९३ सालीं अमलांत आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें तर पांच वर्षांची मुदत संपण्यापूर्वींच नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे, असें घटनेंतच लिहिलें. ३० जून २००३ रोजीं नगरची महानगरपालिका झाली.

ह्या महापालिकेंत २०१८ सालीं अडुसष्ट जागा होत्या; सतरा प्रभाग, प्रत्येकीं चार. मँचेस्टरांत बत्तीस वॉर्ड व प्रत्येकीं तीन सभासद. दिसावयास दोन्ही व्यवस्था सारख्या, परंतु मँचेस्टरचा मतदार साधारणतः एका वेळीं एकच सभासद निवडतो, तर नगरचा मतदार एकाच दिवशीं चार बटणें दाबतो. चार नांवांच्या गर्दींत माणूस हरवतो आणि पक्षाचें चिन्ह उरतें. आणि त्या चिन्हावर तरी विसंबावें काय? ९ डिसेंबर २०१८ च्या मतदानांत शिवसेनेस चोवीस, राष्ट्रवादी काँग्रेसला अठरा व भारतीय जनता पक्षास चौदा जागा मिळाल्या. महापौर झाला तो चौदा जागांच्या पक्षाचा, आणि तोहि ज्यांच्याविरुद्ध मतें मागितलीं त्या अठरांच्या पाठिंब्यानें.

अशा पद्धतींत एकाच माणसास तोलून पाहण्याची संधि नगरकरास पोटनिवडणुकींतच मिळते. प्रभाग ९ मधील एक जागा शासनानें सभासदत्व रद्द केल्यामुळें २०२० च्या आरंभीं रिकामी झाली. मतदान झालें डिसेंबर २०२१ मध्यें. मधला काळ महामारीचा होता, हें मान्य केलें पाहिजे. तरीहि पावणेदोन वर्षें हा पांच वर्षांच्या मुदतीचा तिसरा हिस्सा होतो. इंग्लंडांत दोन मतदारांनीं लेखी मागणी केली, कीं सुट्या वगळून पस्तीस दिवसांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. सार्वत्रिक निवडणूक सहा महिन्यांच्या आंत असेल तरच ती टळते. तेथील मतदार मतदानास फार उत्साहानें जातो असें नाहीं. स्थानिक निवडणुकींत तीनांतले दोन मतदार घरीं बसले तरी तेथें कोणास नवल वाटत नाहीं. त्यानें न जाणें निराळें आणि त्यास न बोलावणें निराळें.

डिसेंबर २०२३ च्या अखेरीस नगरच्या सभागृहाची मुदत संपली, आणि एक नव्हे तर अडुसष्टहि जागा एकदम रिकाम्या झाल्या. इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा वाद सर्वोच्च न्यायालयांत होता. त्याच्या सावलींत राज्यांतील कितीतरी नगरपालिका व महापालिका तशाच पडून होत्या. कारभार पाहण्यास शासनानें प्रशासक नेमला. नेमणारें शासन आतां लोकांनींच निवडलेलें, हा फरक लहान नव्हे. परंतु प्रभागांतील नळास पाणी आलें नाहीं तर दार कोणाचें ठोठवावें, ह्या प्रश्नाचें उत्तर १८५४ सालीं होतें तेंच पुन्हां झालें. ६ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ह्या निवडणुका घेण्यास फर्माविलें, व १५ जानेवारी २०२६ रोजीं राज्यांतील एकोणतीस महापालिकांबरोबर अहिल्यानगरचेंहि मतदान झालें. २०१८ च्या मतदानानंतर थोड्याच दिवसांनीं ज्या नगरकर मुलाला वा मुलीला अठरावें वर्ष पुरें झालें, त्यांस आपल्या शहराच्या सार्वत्रिक निवडणुकींत पहिलें मत टाकावयास मिळालें तेव्हां त्यांचें वय पंचवीस वर्षांचें होतें.