वर्तमानपत्रातील नाव आणि आपल्या मुली



नाशिकच्या घरोघरी वर्तमानपत्र वाचले जाते. त्यात स्त्रियांची नावे किती असतात, हे आपण कधी मोजले आहे काय? आजचे वर्तमानपत्र उद्याच्या इतिहासाचे साधन असते. ज्याची नोंद नाही, त्याचा इतिहासास विसर पडतो.

जोतिराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्याच्या शाळेत मुक्ता नावाची मांग समाजातील मुलगी शिकत होती. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ साली 'ज्ञानोदय'ने तो दोन अंकांत छापला. त्यामुळेच मुक्ता साळवे हे नाव आज आपणांस ठाऊक आहे.

आता सावित्रीबाईंच्या सहकारी फातिमा शेख यांचे पाहा. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी माहेरून, नायगावहून जोतिरावांना पत्र लिहिले. आपल्या गैरहजेरीत फातिमावर कामाचा भार पडला असेल, तरी ती तक्रार करावयाची नाही, असा त्याचा आशय. या खासगी पत्रापलीकडे त्यांच्याविषयी समकालीन माहिती फारच थोडी मिळते.

बालविवाहाविरुद्ध झगडणाऱ्या रखमाबाईंनी १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रे लिहिली, ती 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने. त्यांच्यावरील खटला वर्तमानपत्रांतून गाजला; 'केसरी'ने विरोधी लेखन केले. पुढे त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. खटला पुष्कळांस ठाऊक आहे. ही सेवा किती जणांस ठाऊक आहे?

ही गोष्ट केवळ जुन्या काळाची नव्हे. जगातील अनेक देशांच्या बातम्यांची पाहणी १९९५ साली झाली. बातमीत येणाऱ्या व्यक्तींत स्त्रिया १७ टक्के होत्या. २०२० साली हे प्रमाण २५ टक्क्यांवर आले. पंचवीस वर्षांत आठ टक्क्यांची वाढ!

पालकहो, मुलगी परीक्षेत पहिली आली तरी "तिचे नाव पेपरात नको" असे काही घरांत म्हटले जाते. त्यामागची काळजी मी समजू शकतो. छायाचित्र नको असेल तर देऊ नका. पण नाव अवश्य द्या. ते वाचून शेजारच्या घरातील मुलीचे शिक्षण पुढे चालू राहील. आणि विद्यार्थिनींनो, मुक्ताप्रमाणे तुम्हीही लिहा व त्याखाली स्वतःचे नाव घाला.