सत्तेच्या उंबऱ्यावरचे पत्रकार

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं जनसंपर्काचं काम केलं. कारखान्यात काही घडलं की प्रेसनोट मी लिहायची आणि सोलापुरातल्या दैनिकांकडे पोचवायची. एकदा आग लागली. ‘किरकोळ आग’ असं लिहा, असा वरून निरोप आला. तीन कामगार तर दवाखान्यात होते! त्या एका शब्दावर अख्खी दुपार गेली. शेवटी ‘किरकोळ’ गेलं आणि तिघांचा आकडा आला. मोहोळ तालुक्यातल्या एका कारखान्यात ही तऱ्हा, तर देशाच्या पंतप्रधानांसाठी हेच काम करणाऱ्यांचं काय होत असेल? या कुतूहलापोटी मी दोन माणसांबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

सरकारी प्रसिद्धीतला एक रस्ता आपल्या ओळखीचा आहे. जिल्हा माहिती अधिकारी, मग उपसंचालक, संचालक, अशी ती चढण. ‘लोकराज्य’ मासिक काढणारी ही मंडळी. माध्यम सल्लागार मात्र बहुधा दुसऱ्या दारानं येतो, थेट वर्तमानपत्रातून. त्याला पगार सरकारचा आणि ओळखीपाळखी सगळ्या पत्रकारांच्या. खरी अडचण तिथेच सुरू होते.

१९६६ च्या जानेवारीत इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या. त्यांनी माहिती सल्लागार म्हणून बी. जी. वर्गीज यांना बोलावलं. वर्गीज ‘टाइम्स ऑफ इंडिया’त घडलेले. त्याच वर्षी त्यांच्या मदतीला एच. वाय. शारदा प्रसाद आले. हे मूळचे कर्नाटकातले. १९४२ च्या चळवळीत विद्यार्थी असताना तुरुंगात गेले, मग मुंबईत इंडियन एक्स्प्रेस समूहात पत्रकारिता केली. १९५५-५६ मध्ये नीमन शिष्यवृत्तीवर हार्वर्डला जाऊन आले आणि पुढे ‘योजना’चे संपादक झाले. आज स्पर्धा परीक्षेची मुलं ज्याची मराठी आवृत्ती वाचतात, तेच हे ‘योजना’. म्हणजे जेल, वर्तमानपत्र, सरकारी नियतकालिक आणि मग पंतप्रधानांचं कार्यालय, असा हा प्रवास.

दोघांच्या वाटा १९६९ मध्ये फुटल्या. वर्गीज बाहेर पडले आणि ‘हिंदुस्तान टाइम्स’चे संपादक झाले. दिल्लीजवळचं छातेरा हे खेडं निवडून तिथल्या लोकांचं रोजचं जगणं त्यांनी इंग्रजी दैनिकात सातत्यानं छापलं. राजधानीच्या वाचकाला हे नवंच होतं. १९७४ मध्ये सिक्कीमच्या प्रश्नावर त्यांनी सरकारला न रुचणारा अग्रलेख लिहिला. ज्यांच्यासाठी तीन वर्षं काम केलं, त्यांच्याच धोरणावर ही टीका होती. १९७५ मध्ये त्यांची संपादकपदाची नोकरी गेली. मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही त्याच वर्षी.

शारदा प्रसाद मात्र राहिले. वर्गीज यांच्यानंतर माहिती सल्लागाराचं काम त्यांच्याकडे आलं. बांगलादेशचं युद्ध झालं, आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, आणि हे पंतप्रधानांच्या कार्यालयातच होते. ऐन तारुण्यात स्वातंत्र्यासाठी जेलमध्ये गेलेल्या माणसाला ते दिवस कसे गेले असतील? त्यांच्या सचोटीबद्दल विरोधकांनीही शंका घेतल्याचं माझ्या वाचनात नाही. तरीही हा प्रश्न मला सुटत नाही, आणि केवळ सचोटी हे त्याचं उत्तर आहे असंही मला वाटत नाही.

१९७७ मध्ये सरकार बदललं. नव्या सरकारनं आकाशवाणी आणि दूरदर्शन स्वायत्त कसे करावेत हे ठरवायला एक गट नेमला. त्याचे प्रमुख कोण, तर वर्गीज! १९७८ च्या अहवालात त्यांनी ‘आकाशभारती’ नावाचा स्वतंत्र न्यास सुचवला. एकेकाळी सरकारची बाजू मांडणारा माणूस आता नभोवाणी सरकारच्या मुठीतून सोडवा असं सांगत होता. आत राहिल्यामुळे मूठ किती घट्ट असते हे त्यांना कळलं असणार. अहवाल बाजूला पडला. प्रसारभारतीचा कायदा १९९० मध्ये झाला आणि तो अमलात यायला १९९७ उजाडलं. मी हे रेडिओवरूनच सांगतो आहे, म्हणून एवढा तपशील.

त्याच काळात शारदा प्रसाद दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेचे संचालक होते. इंदिराजी १९८० मध्ये परतल्या तसे तेही परतले आणि पुढे राजीव गांधींच्या कार्यालयातही त्यांनी काम केलं. एवढं सगळं जवळून पाहिलेल्या माणसानं आठवणींचा जाडजूड ग्रंथ लिहावा असं सगळ्यांना वाटत होतं. २००३ मध्ये त्यांचा लेखसंग्रह आला. नावच असं, की ‘मी लिहिणार नाही ते पुस्तक आणि इतर निबंध’. मूळ पुस्तक इंग्रजीत आहे.

नंतरच्या पिढीनं हा संकोच ठेवला नाही. मनमोहन सिंग यांचे माध्यम सल्लागार संजय बारू हेही अर्थविषयक पत्रकारितेतून आलेले. २००८ मध्ये त्यांनी ते काम सोडलं आणि २०१४ च्या ऐन निवडणुकीत त्यांचं आठवणींचं पुस्तक बाजारात आलं. त्यावरून गदारोळ झाला, २०१९ मध्ये सिनेमाही निघाला. बारूंनी निवडलेली वेळ मला पटत नाही. पण पंतप्रधानांचं कार्यालय चालतं कसं, हे सामान्य वाचकाला त्यातून थोडंफार कळलं, हेही खरं. वर्गीज यांनी आपलं आत्मकथन २०१० मध्ये प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यांना सरकारी काम सोडून चार दशकं झाली होती. शारदा प्रसाद त्याआधीच, सप्टेंबर २००८ मध्ये गेले.